कबरींवरचे शब्द कोण वाचणार?

ठाण्याचा इतिहास सांगा म्हटले की यादी ठरलेली असते. मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचे मंदिर, आता कारागृह झालेला किल्ला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली प्रवासी रेल्वे. कल्याणचे नाव काढले की दुर्गाडी आणि खाडीवरचे बंदर. या यादीत कबरस्तान कधीच येत नाही. पण एखाद्या वस्तीत माणसे किती पिढ्या राहिली, कुठून आली, कोणत्या भाषेत लिहीत होती, कोणते आडनाव लावत होती, हे सांगणारे दप्तर तिथेच उघड्यावर पडलेले असते. पावसात भिजत आणि उन्हात तडकत.

मी माजिवड्यात राहतो आणि शाळेत उर्दू व मराठी शिकवतो. नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तो हा नाका. इथे एक गाव होते, त्या गावाला शेती होती, याची खूण उड्डाणपूल आणि टॉवरांच्या गर्दीत आता नावापुरतीच उरली आहे. जिथे जिवंत माणसाच्या जागेचा हिशेब चौरस फुटांवर चालतो, तिथे मेलेल्यांच्या जागेची चौकशी कोण करणार, असे कुणीही म्हणेल. तरीही ती करायला हवी. ठाणे, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातील मुसलमानांचा जो इतिहास ग्रंथांत आलेला नाही, तो बराचसा या दगडांवर आहे. आणि ते दगड वाचू शकणारी माणसे दगडांपेक्षाही वेगाने कमी होत आहेत.

गवत वाढले म्हणजे बिघडले असे नाही

कोकणातले जुने कबरस्तान पावसाळ्यात पाहावे. मातीच्या उंचवट्यांवर गुडघाभर गवत उभे असते, मधूनमधून तेरडा फुललेला असतो. कडेला कुणीतरी कधी लावलेली मेंदी आता झाड होऊन बसलेली असते. उन्हाळ्यात पान गळून बोडका झालेला पांढरा चाफा फुलांनी भरतो आणि ती फुले नाव नसलेल्या कबरींवर पडत राहतात. हाच चाफा आपल्याकडे देवळांच्या आवारातही दिसतो. काळ्या दगडावर शेवाळाचा थर चढतो, जांभ्याच्या चौथऱ्याचे कोपरे झिजून गोल होतात, एखाद्या पडक्या घुमटीच्या फटीतून पिंपळ वर आलेला असतो. आजूबाजूला सगळीकडे काँक्रीट असताना शहरात एवढा हिरवा तुकडा शिल्लक राहिला आहे, तो तिथे कबरी आहेत म्हणून.

हे दृश्य पाहून बाहेरचा माणूस म्हणतो, काय ही दुरवस्था! इस्लामी समजुतीप्रमाणे मात्र या दृश्यात सगळेच दुरवस्थेचे नाही. कबर साधी असावी, ती चुन्याने गिलावा करून पक्की करू नये, तिच्यावर इमारत उठवू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. देह मातीचा होता, तो मातीत जाणार, कबरीचा उंचवटाही हळूहळू जमिनीला मिळणार, हे त्यामागचे तत्त्व. बऱ्याच काळाने आतला देह पूर्ण माती झाला की त्याच जागेत दुसऱ्या मय्यतीला जागा देण्याची मुभाही फिकहमध्ये आहे. मुंबई-ठाण्यासारख्या जागेची टंचाई असलेल्या शहरांत ती मुभा नित्याची झाली आहे. शाहजहानची मुलगी जहाँआरा १६८१ मध्ये वारली. दिल्लीत हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारात तिची कबर आहे. चारी बाजूंनी संगमरवर आहे, पण वर छत नाही आणि कबरीच्या मधोमध माती आहे, त्या मातीत गवत उगवते. बापाने जगातला सर्वात प्रसिद्ध मकबरा बांधला आणि मुलीने गवत पसंत केले.

मग प्रश्न असा पडतो की, कबर मातीला मिळावी हीच जर शिकवण असेल तर जुन्या कबरस्तानांच्या पडझडीची हळहळ कशासाठी? याचे उत्तरही परंपरेतच आहे. मदिनेच्या बकी कबरस्तानात दफन झालेले पहिले मुहाजिर म्हणजे उस्मान बिन मजऊन (रजि.). त्यांच्या दफनानंतर पैगंबरांनी (स.) स्वतः एक दगड उचलून त्यांच्या डोक्याशी ठेवला. आपल्या भावाची कबर ओळखता यावी आणि घरातल्या माणसांना त्याच्याजवळ दफन करता यावे, हे कारणही त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते. म्हणजे थाटमाट नको, पण ओळख हवी. कबर मातीची असावी, तरी ती कुणाची आहे हे मागच्यांना कळावे.

या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे. गवताने कबरस्तान उद्ध्वस्त होत नाही. डोक्याशी ठेवलेल्या दगडाची ओळख पुसली गेली की ते उद्ध्वस्त होते. आणि आपल्याकडे नेमके तेच होत आहे.

चार परदेशी, एक काजी

ओळख टिकणे म्हणजे काय, हे ठाण्याच्याच एका जुन्या प्रकरणावरून समजते. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री. ते चीनला निघाले होते आणि होर्मुझहून जहाजाने ठाण्याच्या बंदरात उतरले होते. तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधराएक घरे होती. त्यांपैकी एका घरात ते उतरले. त्या घरातल्या नवरा-बायकोचे भांडण काजीपर्यंत गेले, साक्षीसाठी या पाहुण्यांना बोलावण्यात आले, तिथे चर्चा धर्मावर घसरली आणि पैगंबरांविषयी त्यांनी दिलेल्या उत्तरावरून प्रकरण पेटले. शेवटी त्यांना ठार करण्यात आले. त्यांचा साथीदार जॉर्दानस त्या वेळी ठाण्याबाहेर होता. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन दफन केले. काही वर्षांतच ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन प्रवासी आला. त्याने त्यांच्या अस्थी उकरून काढल्या आणि थेट चीनच्या झैतून बंदरापर्यंत नेल्या. दिल्लीच्या सुलतानाने या हत्येबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्याला कडक शिक्षा दिली, असेही ओदोरिकने लिहून ठेवले आहे.

मुसलमान म्हणून ही हकिकत वाचताना त्रास होतो, पण ती झाकण्याचे काही कारण नाही. निःशस्त्र पाहुण्यांना मारणे तेव्हाही अन्याय होता आणि दिल्लीच्या दरबाराला तो अन्याय वाटला, हे त्याच वृत्तांतात आहे. इथे माझा मुद्दा वेगळा आहे. या चौघांची नावे, गावे, ते कुठे पुरले गेले आणि त्यांची हाडे पुढे कुठे गेली, हे सातशे वर्षांनंतरही सांगता येते, कारण त्यांच्या माणसांनी ते लिहिले. त्याच वृत्तांतावरून हेही कळते की १३२१ मध्ये ठाण्यात काजी होता, मलिक म्हणजे शहराचा अधिकारी होता, न्यायदानाची व्यवस्था होती, म्हणजेच मुसलमानांची चांगली नांदती वस्ती होती. पण ओदोरिकच्या कथेत काजी आणि मलिक हुद्द्यानेच येतात. त्या वस्तीतले व्यापारी, खलाशी, विणकर, मुअज्जिन, त्यांच्या बायका-मुले इथेच कुठेतरी मातीत आहेत. ज्यांचे शहर होते ते अनोळखी राहिले, आणि जे चार दिवसांचे पाहुणे होते त्यांची ओळख शिल्लक आहे.

मातबर माणसाची कबर

आता कल्याणकडे येऊ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला ठाणे जिल्ह्यातील ठिकाणांचा खंड १८८२ मध्ये निघाला. त्यात कल्याणच्या नोंदीत शेणाळे तलाव येतो, तिथली काळ्या दगडाची काळी मशीद येते आणि तलावाजवळचा एक मकबराही येतो. हा मकबरा मुअतबर खानाचा. लोकांच्या तोंडी हा शाहजहानचा वजीर, औरंगजेब तख्तावर आल्यावर मर्जीतून उतरलेला आणि कल्याणला पाठवला गेलेला. जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांनी दरबारी कागदांतून जो मातबर खान उभा केला, तो मात्र औरंगजेबाच्या काळातला. तो कोकणातल्या नवायत घराण्यातला, म्हणजे अरब व्यापाऱ्यांचे वंशज म्हणवणाऱ्या समाजातला होता. संभाजीराजांच्या अटकेनंतरच्या धामधुमीत, १६८९ मध्ये, कल्याण मोगलांच्या हातात आले ते त्याच्या मोहिमेत. तो कल्याणचा फौजदार झाला, उत्तर कोकणातले बरेच किल्ले त्याने घेतले आणि १६९३ मध्ये वसईकडच्या पोर्तुगीज मुलखावर चाल केली. चार दरवाजे आणि अकरा बुरुजांची कल्याणची तटबंदी पूर्ण झाली ती १६९४ मध्ये, म्हणजे याच काळात.

एकाच माणसाच्या या दोन कथा आहेत आणि त्यांच्यात एका पिढीचे अंतर आहे. कबरीशी रोज नाते असलेल्या लोकांनी तिच्यावरची तारीख वाचणे सोडले की असे होते. कबर राहते, दिवा लावणारेही राहतात, पण आत कोण आहे हे हळूहळू दंतकथेच्या हवाली होते. एखादा फौजदार वजीर होतो, वजीर पुढे पीर होतो.

यात भाषेची एक गंमत आहे. मराठीत आपण वजनदार, भरवशाच्या माणसाला मातबर म्हणतो. गावातली मातबर मंडळी, मातबर घराणे. हा शब्द मूळचा अरबी, मुअतबर, म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा. फारसीतून तो मराठीत आला आणि इथलाच झाला. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात तो शब्द ऐकू येतो. ज्याचे नावच मातबर होते त्या माणसाची कबर मात्र कल्याणमधल्या किती शाळकरी मुलांना माहीत असेल? आपल्या भाषेने जे जपले ते आपण जमिनीवर जपले नाही.

खोकरीचे घुमट आणि चुकलेला आकडा

कबर टिकते कशी, हे पाहायचे तर थोडे दक्षिणेला, मुरूडकडे जावे लागेल. जंजिऱ्यासमोरच्या किनाऱ्यावर खोकरी गावात सिद्दींचे तीन दगडी मकबरे उभे आहेत. सर्वात मोठा सिद्दी सुरूल खानाचा. तो १७३० च्या दशकापर्यंत जंजिऱ्याचा प्रमुख होता आणि हा मकबरा त्याने हयातीतच बांधून घेतला असे सांगतात. बाजूचे दोन त्याच्या आधीच्या पिढीचे. एक खैरियत खानाचा आणि दुसरा सिद्दी कासिमचा. हा कासिम म्हणजेच याकूत खान. त्याने १६८९ मध्ये मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडून ठेवले होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांचे वंशज इथे सत्ताधीश झाले आणि कोकणच्या मातीत मिसळले, ही साधी गोष्ट नव्हे.

या मकबऱ्यांच्या देखभालीची सोय पक्की होती. सुरूल खानाच्या मकबऱ्यासाठी जंजिरा संस्थानाने सावली-मिठागर या गावाचे उत्पन्न लावून दिले होते आणि बाकी दोन मकबऱ्यांसाठी दोडकल गावाचे. त्या पैशातून दुरुस्ती होई, कुरआनचे पठण होई, सालाना उरूस होई. म्हणजे दगड भक्कम होता म्हणून मकबरे टिकले एवढेच खरे नाही. त्यांच्यामागे रोजची काळजी घेणारा माणूस आणि त्याचा पगार होता. साध्या माणसांच्या कबरस्तानांना असे गाव कुणी लावून दिले नाही. तिथे खादिम असतो तो मोहल्ल्याच्या वर्गणीवर.

खोकरीतली आणखी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. याकूत खानाच्या कबरीवर हिजरी १११८ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १७०६-०७. खैरियत खानाच्या कबरीवर मात्र १०१८ असे नोंदलेले आहे. हिजरी १०१८ म्हणजे १६०९-१० होते. त्या वेळी तर शिवाजी महाराजांचाही जन्म झाला नव्हता, आणि हा खैरियत खान त्यांच्या काळातला सरदार! जाणकारांनी अर्थ लावला तो असा की कोरणाऱ्याने ११०८ ऐवजी १०१८ कोरले. आकड्यांची अदलाबदल झाली. ११०८ म्हणजे १६९६-९७, आणि ते बरोबर जुळते.

दगडावर कोरलेले आहे म्हणून ते खरेच असते असे नाही, आणि चुकले म्हणून ते टाकाऊही नसते. दगड वाचावा लागतो, इतर कागदांशी ताडून पाहावा लागतो. इतिहास म्हणजे हेच काम. पण त्यासाठी दगड जागेवर हवा आणि अक्षर शाबूत हवे.

कतबा वाचायचा कसा

कबरीच्या डोक्याशी असलेल्या लेखाला कतबा म्हणतात. त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. वर कलमा किंवा जगाच्या नश्वरतेची आठवण देणारी कुरआनची आयत. मग मरहूम किंवा मरहूमा. मग नाव, बिन किंवा बिन्ते लिहून बापाचे नाव, कधी गावाचे नाव. शेवटी तारीख. जुन्या दगडांवर हे सगळे अरबीत किंवा फारसीत, नंतरच्या दगडांवर उर्दूत, आणि अलीकडे मराठी व इंग्रजीही. आपल्या लोकांनी कोणत्या काळात कोणती भाषा जवळ केली याचा आलेख एका कबरस्तानात फिरून काढता येतो.

तारीख हिजरी असेल तर एक सोपी रीत आहे. हिजरी सालाला ०.९७ ने गुणायचे आणि ६२२ मिळवायचे. १११८ चे १०८४ होतात, त्यात ६२२ मिळवले की १७०६. वर्षभराचा फरक पडू शकतो, पण काळ नक्की कळतो. काही दगडांवर आकडाच नसतो, असते फक्त एक ओळ, आणि साल त्या ओळीत लपलेले असते. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला किंमत असते. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, अशी चढत जाणारी. याला अब्जद म्हणतात. ‘कबर’ या शब्दात काफचे १००, बेचे २ आणि रेचे २००, एकूण ३०२. शायर अशी ओळ रचत की तिच्या अक्षरांची बेरीज मृत्यूच्या सालाइतकी व्हावी. हे कळणारा माणूस जवळ नसेल तर अशा दगडासमोर उभे राहूनही साल हाती लागत नाही.

अशा दगडांचे मोबाईलवर काढलेले फोटो मी कधी कधी वर्गात दाखवतो. मुलांना हे कोडे सोडवायला आवडते. एकदा एका जुन्या दगडाचा फोटो नववीच्या मुलांनी अक्षर अक्षर लावून वाचला. कुणाची तरी ज़ौजा, म्हणजे पत्नी, एवढेच त्यावर होते. नवऱ्याचे नाव, नवऱ्याच्या बापाचे नाव, तारीख. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, पण हिचं नाव काय होतं?” वर्ग गप्प झाला. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. काही ओळखी दगड झिजल्यामुळे जातात आणि काही आपण मुळात कोरतच नाही. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकाने इतकी नीट समजावली नव्हती.

शेजाऱ्यांचे दगड

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. ठाण्यात १८७९ पासून बेने इस्रायली समाजाचे शआर हशामायिम हे सिनेगॉग आहे. या समाजाच्या ठाणे-कोकणातल्या कबरस्तानांत हिब्रूबरोबर मराठी लिहिलेले दगड दिसतात. देवनागरीत कोरलेले नाव, पेणकर, रोहेकर अशी गावावरून आलेली आडनावे. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि जे बुडाले त्यांना तिथेच पुरले. ते जुने दफनस्थान आजही दाखवतात. समाजातले बहुतेक लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. मराठीत कोरलेले ते दगड इथे राहिले आणि त्यांना भेट देणारी माणसे समुद्रापार.

वीरगळांचेही तेच. बोरिवलीजवळ एकसर इथले वीरगळ प्रसिद्ध आहेत. त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार आणि यादव यांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. कितीतरी गावांत वीरगळ पायरीला लावलेले, शेंदूर फासलेले किंवा उकिरड्याशेजारी पडलेले होते. गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणची तरुण मुले ते शोधतात, धुतात, फोटो काढून नोंदवतात. हे काम पाहून आनंद होतो. वीरगळ हाही शेवटी डोक्याशी ठेवलेला दगडच आहे.

आणि इंग्रजांचे पाहा. भारतातल्या त्यांच्या कबरींची नोंद ठेवण्यासाठी १९७६ मध्ये थिऑन विल्किन्सन यांनी लंडनमध्ये एक संस्था काढली. राज्य गेले, माणसे गेली, पण कुठल्या गावच्या कबरीत कोणता शिपाई, कोणते तान्हे मूल झोपले आहे याच्या याद्या त्यांनी केल्या. आपण तर इथेच आहोत, त्याच मोहल्ल्यात. अरबी-फारसी शिलालेखांचा अभ्यास करणारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शाखाही आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. पण तिचे लक्ष साहजिकच मशिदी, किल्ले आणि मोठ्या मकबऱ्यांवर. मोहल्ल्यातल्या मास्तराची, तांडेलाची किंवा दाईची कबर नोंदवायला सरकारी खाते येणार नाही.

दगड मरतो कसा

आमच्या भागात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याने दगड झिजतो हे खरे. पक्ष्यांनी टाकलेल्या बीमधून वड-पिंपळ उगवतो आणि त्याची मुळे चौथरा फोडतात हेही खरे. पण पावसाने दोनशे वर्षांत जेवढे नुकसान केले नसेल तेवढे आपण एका रविवारी करतो, आणि तेही सवाब मिळावा म्हणून. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापले जाते. आत शिरलेले पाणी मग बाहेर पडत नाही आणि दगड आतून सुटतो. कोरलेल्या अक्षरांत हिरवा ऑइलपेंट भरला जातो, रंगवणाऱ्याला लिपी येत नसेल तर नुक्ते हलतात आणि नावच बदलते. कबरीवर न्हाणीघरातल्यासारख्या फरश्या बसवल्या जातात. नवी कबर खोदताना निघालेला जुना कतबा भिंतीला टेकवून ठेवला जातो आणि पुढे त्या भिंतीच्या बांधकामात जातो.

यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. दगड वाचता येत नाही, म्हणून तो निव्वळ दगड वाटतो.

कागद नसलेली जमीन

आता याला एक नवी बाजू आली आहे. बहुतेक जुन्या कबरस्तानांची जमीन कुणी तरी कधी तरी तोंडी दिलेली. दस्त नाही, सनद नाही. लोक पिढ्यानपिढ्या तिथे मय्यत दफन करत आले हाच पुरावा. कायद्यात याला ‘वक्फ बाय यूजर’ म्हणत, म्हणजे वापरातून सिद्ध होणारे वक्फ. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने ही तरतूद पुढच्या काळासाठी काढून टाकली. कायदा लागू होण्याआधी ज्यांची नोंदणी झाली होती अशा जागा वक्फ म्हणून कायम राहतील, पण वादात असलेल्या किंवा सरकारी ठरलेल्या जागांना ते लागू नाही. हा कायदा योग्य की अयोग्य, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि न्यायालयात त्यावर वाद चालू आहे. पण ज्या कबरस्तानाची नोंदच नाही, त्याला आपले असणे कशाने तरी दाखवावे लागणार, एवढे नक्की. अशा वेळी तीनशे वर्षांपूर्वीची तारीख असलेला एक कतबा किती बोलका ठरू शकतो याचा विचार करा. आणि तोच आपण भिंतीत चिणलेला असतो.

माणसाला सन्मानाने मातीत जायला मिळणे ही लहान गोष्ट नाही, हे आपण २०२० मध्ये अनुभवले. ३० मार्चला मुंबई महापालिकेने कोरोनाने मेलेल्या सर्वांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि काही तासांत मागे घेतले. पुढे वांद्र्याच्या कबरस्तानांत असे दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. दफनाचा हक्क न्यायालय देऊ शकते. कबरीवरची ओळख जपण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

एका रात्रीचे काम

यासाठी मोठी संस्था, देणगी, समिती काही लागत नाही. शबे बरातला आपण कबरस्तानात जातोच. दिवे असतात, अगरबत्तीचा वास असतो, मुले बरोबर असतात. फातिहा पढून झाल्यावर अर्धा तास जास्त थांबा. झिजलेली अक्षरे दिवसा भर उन्हात सपाट दिसतात, ती रात्री वाचायला सोपी जातात. मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, दगडाच्या अगदी कडेला, बाजूने धरा. अक्षरांच्या खोलगट भागात सावली पडते आणि दिसत नसलेले नाव समोर येते. तसाच फोटो काढा. दगड मळलेला असेल तर साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू, रंग, काही नको. एका वहीत लिहा: कबरस्तान कोणते, फाटकापासून कितवी ओळ, दगड कोणता, लिपी कोणती, काय वाचता आले, काय नाही. न वाचता आलेल्या जागी अंदाजाने काही भरू नका, रेघ मारून सोडा. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना फोटो दाखवा. ‘हे आमच्या नान्याचे मामू’ असे एक वाक्य जरी कुणी बोलले तरी ते त्याच पानावर, बोलणाऱ्याच्या नावासह टिपून ठेवा. वहीची एक प्रत मशिदीच्या ट्रस्टकडे द्या, एक शाळेच्या ग्रंथालयात. ज्यांना लिपी येत नाही त्यांनी नुसते फोटो काढले तरी चालेल. वाचून द्यायला आमच्यासारखे उर्दूचे शिक्षक अजून आहेत.

आणि नवीन कतबा करायला टाकाल तेव्हा त्यावर आईचे, बहिणीचे, बायकोचे नाव पूर्ण लिहा. उर्दूत लिहा आणि खाली मराठीतही लिहा, म्हणजे पन्नास वर्षांनी तिथून जाणाऱ्या कुणालाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ते वाचता येईल.